इन्फिल्ट्रेशनचा भार एप्रिलमध्ये नाही, जुलैत बघा

राजारामपुरीतल्या ऑफिसच्या ऊर्जा-मॉडेलमध्ये तुम्ही इन्फिल्ट्रेशन (फटींतून आत शिरणारी बाहेरची हवा) ०.५ एसीएच, म्हणजे तासाला आतल्या हवेच्या निम्म्याइतकं, धरलंय. जुलैत त्याचा सेन्सिबल भार (तापमानातल्या फरकामुळे येणारी उष्णता) जवळपास शून्य येतो, म्हणून 'पावसाळ्यापुरतं इन्फिल्ट्रेशन वगळलं तर चालेल का?' असं विचारलंय. अजिबात वगळू नका. कोल्हापुरात ते सगळ्यात जास्त नडतं ते पावसाळ्यातच.

हिशेब करून बघा. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३७ अंश आणि आर्द्रता २५ टक्के, आत २५ अंश आणि ५० टक्के. आत शिरलेली एक किलो हवा साधारण १२ किलोज्यूल उष्णता आणते, बाष्प मात्र जादा नाही. आता जुलै घ्या: बाहेरही २५ अंशच, पण आर्द्रता ९० टक्के. तापमानात फरक नाही म्हणून सेन्सिबल शून्य. पण तीच एक किलो हवा साडेआठ ग्रॅमच्या आसपास जादा बाष्प आणते, म्हणजे सुमारे २१ किलोज्यूल लेटंट (बाष्पासोबत येणारी उष्णता)! तेव्हा एनर्जीप्लसच्या (मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आउटपुटमध्ये झोनचा (मॉडेलमधल्या खोलीचा) इन्फिल्ट्रेशन लेटंट गेन मागवा, सोबत झोनची आर्द्रताही. स्प्लिट एसी सेटपॉइंट गाठला की कॉम्प्रेसर थांबवतो आणि दमट हवा तशीच राहते; त्यामुळे वीज कमी दिसली तरी आत बसणारा माणूस वैतागलेलाच असतो.

दुसरं म्हणजे गुणक. एनर्जीप्लसच्या 'डिझाइन फ्लो रेट' पद्धतीत तुमचा आकडा चार गुणकांनी बदलतो: ए स्थिर, बाकीचे तापमानातला फरक, वारा आणि वाऱ्याचा वर्ग यांचे. ए = १ आणि बाकी शून्य हे डिफॉल्ट आहे, म्हणजे वारा कितीही सुटला तरी आकडा हलत नाही. ब्लास्ट या जुन्या प्रोग्रामचे गुणक घाला: ०.६०६, ०.०३६३६, ०.११७७, ०. तापमानात फरक नसताना ३.३५ मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला त्यांची बेरीज १ येते, दुप्पट वाऱ्याला १.३९. टेरेनही (आजूबाजूचा परिसर) शहरी निवडा, नाहीतर झोनपाशी वारा उगाच जास्त धरला जाईल.

पंखा चालू असताना इन्फिल्ट्रेशन ०.२५ पट करायचं शेड्यूल अमेरिकन नमुना मॉडेलमधून अनेकजण जसंच्या तसं उचलतात. ते ताजी हवा आत ढकलून दाब वाढवणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. तुमचे स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतात, तिथे १ ठेवा.

आणि ०.५ आलं कुठून? ब्लोअर डोअर (दारात पंखा बसवून गळती मोजायचं यंत्र) मिळत नसेल तर वारं असलेल्या दिवशी उदबत्ती घेऊन फिरा. स्लायडिंग खिडकीची दोन पल्ली जिथे एकमेकांवर येतात, तिथला ब्रश झिजलेला असतो. एसीच्या पाइपचं भोक बहुधा नीट बुजवलेलं नसतं. धूर तिथे झटकन वाकतो. यातून आकडा मिळणार नाही, पण गळती कुठे आहे ते कळेल. मग ०.२, ०.५ आणि १ असे तीन रन काढून जुलैचा लेटंट भार आणि आर्द्रता शेजारी ठेवा. एकच आकडा रिपोर्टात देऊ नका.