मळी कुठली, ते आधी विचार

प्रिय पोरी,

नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला, मनापासून अभिनंदन. प्रबंधाला ग्रीन हायड्रोजन घेऊ की इलेक्ट्रिक बस, असं विचारलंयस. तुमच्या घराच्या गच्चीवरून साखर कारखान्याची चिमणी दिसते, तिचा मात्र मेलमध्ये कुठे उल्लेख नाही. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

तिकडे तुला कालुंडबोर्ग शिकवतीलच. डेन्मार्कमधलं हे छोटं बंदर, एका कारखान्याचं टाकाऊ ते दुसऱ्याचा कच्चा माल, याचं नेहमीचं उदाहरण. वीजकेंद्राची वाफ तेल रिफायनरीला जायची, धुरातला गंधक काढताना झालेलं जिप्सम शेजारच्या प्लास्टरबोर्डवाल्यांना. पुस्तकातली याची आकृती देखणी आहे, पण तिच्यात तारखा नसतात. १९६१ मध्ये रिफायनरीसाठी टिसो तळ्याचं पाणी आणलं, १९७२ मध्ये तिचा वाया जाणारा वायू प्लास्टरबोर्डवाल्यांनी घेतला. या देवघेवीचं ‘औद्योगिक सहजीवन’ असं बारसं झालं १९८० च्या दशकाच्या अखेरीस. तोवर सगळे आपापला खर्च वाचवत होते, एवढंच.

आपल्याकडे हेच एका कंपाउंडात चालतं. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे किलोच्या आसपास बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतं, ते बॉयलरला जातं आणि त्यावर वीज होते. चाळीसेक किलो मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा दाट काळा पाक, अल्कोहोलसाठी डिस्टिलरीला, जवळपास तेवढाच प्रेसमड, म्हणजे रस गाळताना उरलेला गाळ, खताला. (गावात प्रेसमडलाही मळीच म्हणतात. मुलाखत घेताना कुठली मळी ते आधी विचार, नाहीतर अर्ध्या नोंदी चुकतील.)

गोम आहे स्पेंटवॉशमध्ये. मळीपासून लिटरभर अल्कोहोल काढलं की हे काळपट, आंबूस पाणी आठ ते पंधरा लिटर उरतं. मी डिस्टिलरीत होतो तेव्हा एक शेतकरी ऑफिसात आला. काही न बोलता त्याने टेबलावर बिसलेरीची बाटली ठेवली. आत विहिरीचं पाणी, रंग कोऱ्या चहाचा. आमच्या लॅगूनचं, म्हणजे स्पेंटवॉश साठवायच्या तळ्याचं, अस्तर फाटलंय हे आम्हाला माहीत होतं. दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलली होती आणि त्या टिपणावर माझी सही होती.

का ढकलली? तुझा विषय खरा इथे सुरू होतो. तंत्रज्ञान नव्हतं असं नाही. स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, राखेतून पोटॅशही मिळतं. पण ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते, आणि सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासदच मालक असतो, संचालकांना मत तोच देतो. अस्तराला मत नसतं. तेव्हा कुठलं बिल आधी निघतं, हे सांगायला मास्टर्स लागत नाही. ते कधी आणि कशामुळे बदलतं, हे शोधायला मात्र लागतं. नोटिशीमुळे, बँकेच्या अटीमुळे, की इथेनॉलच्या दरामुळे?

दराचंही सरळ नाही. इथेनॉलच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलच्या, भरवशावर कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, कारण पाऊस कमी झाला होता आणि साखर कमी पडायची भीती होती. आठवडाभरात १७ लाख टनांपर्यंत साखर इथेनॉलकडे वळवायची सूट दिली. पुढच्या हंगामासाठी बंदी उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. त्या नऊ महिन्यांत एखाद्या संचालक मंडळाने काय काय पुढे ढकललं, एवढ्यावरही प्रबंध होईल. पन्नास कंपन्यांना प्रश्नावली पाठवण्यापेक्षा तो मला जास्त आवडेल. प्रश्नावली एचआरवाले भरतात.

वेळेचं गणित आत्ताच कर. यंत्रं चालू बघायची तर डिसेंबर-जानेवारीत ये. मे-जूनमध्ये सगळं उघडून ठेवलेलं असतं, पण तेव्हा चीफ केमिस्टला बोलायला सवड असते. तेव्हा दोनदा ये. आणि चेअरमनच्या आधी अकाउंट्समध्ये बस.

अजून एक. तुझे काका सभासद आहेत ना? सप्टेंबरच्या वार्षिक सभेआधी त्यांच्याकडे कारखान्याचा अहवाल येतो, ताळेबंदासकट, मराठीत. तू तोवर तिकडे गेलेली असशील. जाण्याआधी काकूंना सांगून ठेव, यंदाचा आणि सापडतील तेवढे जुने अहवाल रद्दीत घालू नका म्हणून.

तुझा,
सर