३ डिसेंबरच्या दिनविशेषात काय ठेवावं, काय गाळावं?

शाळेच्या फळ्यावर ३ डिसेंबरचा दिनविशेष लिहायचा, यादी लांबलचक आणि जागा पाच ओळींची, अशी तुमची अडचण. पहिली ओळ बहिणाबाई चौधरींची लिहा. बाकीच्या चार नंतर ठरवा.

मी जळगाव तालुक्यातल्या एका शाळेत आठवीत होते. अक्षर बरं म्हणून फळा माझ्याकडे. त्या सकाळी राजेंद्रप्रसादांचा जन्म (१८८४), खुदीराम बोस यांचा जन्म (१८८९), भोपाळची वायुदुर्घटना (१९८४) लिहिली आणि खाली ‘बहिणाबाई चौधरी, निधन १९५१’. हे नाव दिनविशेषाच्या पुस्तकात नव्हतं, मोठ्या मायनं सांगितलं होतं. तिचं माहेर असोदं, बहिणाबाईंचंच गाव. परिपाठाआधी सर आले. “हे यादीत कुठंय? गावातलं गावात ठेव,” म्हणाले आणि ओल्या फडक्यानं ओळ पुसली. त्या ओल्या जागेवर माझ्याच हातून लिहून घेतलं: १९६७, केप टाउन, पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण. घटना मोठी आहे, वाद नाही. पण केप टाउन मावलं आणि असोदं मावलं नाही. घरी येऊन रडले. मोठी माय म्हणाली, “पुसू दे त्याले. तू वहीत लिव.”

सरांना तेव्हा बोलता आलं नाही, ते आता बोलते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्या ओव्या म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ टिपून ठेवायचे. अत्र्यांच्या नजरेला ती वही पडली बाई गेल्यावर. पुस्तक निघालं १९५२ साली. मग १९५१ च्या ३ डिसेंबरला त्यांचं नाव कुठल्या यादीत येणार होतं? आणि पुढच्या याद्या मागच्या याद्यांवरूनच उतरवतात. ‘यादीत नाही’ हे कारणच नव्हे.

ध्यानचंद १९७९ साली याच दिवशी गेले, पण त्यांना २९ ऑगस्टला, जन्मदिनी, जागा मिळतेच. देव आनंद (निधन २०११) शाळेच्या फळ्यावर नकोत. १९७१ चं युद्ध याच संध्याकाळी भारताच्या विमानतळांवर पाकिस्ताननं केलेल्या हल्ल्यानं सुरू झालं, ते घ्या.

एक राहिलं. भोपाळपुढे ‘२-३ डिसेंबरची रात्र’ असं लिहा, वायू मध्यरात्रीच्या सुमारास पसरला. आणि एखाद्या पोरीनं पुस्तकाबाहेरचं नाव आणलं, तर फडकं उचलण्याआधी तिला विचारा, कुणी सांगितलं.