तीन व्हायोलिन, एक चेलो: मुलांना एकत्र वाजवायला सोपं चेंबर म्युझिक (छोट्या गटाचं पाश्चात्य वाद्यसंगीत) कोणतं घ्यावं?

तुमची चार मुलं, १० ते १३ वर्षांची, आणि तुम्ही विचारताय, ‘मोझार्टपासून सुरुवात करू का?’ नका करू. मी करून बसलोय.

नागपुरात, धरमपेठेत घरीच शिकवतो. पालकांच्या हट्टापायी एकदा मोझार्टच्या ‘आइन क्लाइने नाख्टम्युझीक’चा पहिला भाग बसवायला घेतला. १७८७ची रचना, पण धून सगळ्यांच्या कानावरची. पहिल्या व्हायोलिनवरचं पोट्टं खूश. दुसऱ्या व्हायोलिनवरच्या मुलीला मात्र एकाच सुरावर मात्रेत चार-चार वेळा बो (गज) चालवायचा होता. अर्ध्या पानात तिचा हात भरून यायचा. तेव्हापासून नवीन रचना चाळताना मी वरची ओळ बघतच नाही. गटातल्या सगळ्यात कच्च्या मुलाच्या वाट्याला काय येतंय, ते आधी बघतो.

बोटांपेक्षा रेस्ट (गप्प राहायच्या मात्रा) नडतात. एकटं वाजवणाऱ्या मुलाला गप्प राहून मोजायची सवयच नसते. म्हणून पाखेलबेलचा डी मेजरमधला कॅनन घ्या. मूळ रचनाच तीन व्हायोलिन आणि खालच्या साथीची, म्हणजे तुमच्याच मापाची. तिघांची ओळ एकच, फक्त प्रत्येक जण दोन बार (तालाची छोटी आवर्तनं) मागून शिरतो. ‘तिला सोपं, मला अवघड’ हे भांडणच मिटलं. चेलोला आठच सूर, २८ वेळा. कंटाळेल बिचारा, पण हात पक्का होईल. मधला धावता भाग खुशाल गाळा. माझी एक विद्यार्थिनी आपली पाळी येईपर्यंत मोज्यातल्या अंगठ्यानं मात्रा मोजते आणि कागदावर रेस्टच्या डोक्यावर पेन्सिलीनं १-२-३-४ लिहून ठेवते. असलं काही दिसलं तर पुसायला लावू नका.

चेलोवाला ट्यूशनमुळे आला नाही (नववीनंतर येतच नाहीत) तर बार्टोकचे दोन व्हायोलिनसाठीचे ४४ ड्युएट आहेत, १९३१चे. साधारण सोप्याकडून अवघडाकडे लावलेले, सुरुवातीचे पहिल्या पोझिशनमध्येच (हात वर न सरकवता) बसतात. टेलेमानचे नुसत्या चार व्हायोलिनचे कॉन्चेर्टोही आहेत. त्यातले संथ भाग पुढच्या वर्षी.

क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो) घ्यायचंच असेल तर अडचण अशी, की व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवणारं मूल आपल्याकडे शोधून सापडत नाही. तिसऱ्या व्हायोलिनची ओळ छापलेला संच बघा. व्हिओलाची ओळ तशीच व्हायोलिनवर ढकलली तर जी तारेच्या खालचे सूर वाजणारच नाहीत.

आणि मे महिन्यात बसवू नका. कोरड्या उन्हाने खुंट्या सटकतात, कूलरसमोर बसलं की फुगून अडकतात. चार वाद्यं लावण्यातच अर्धा तास जातो. पाऊस पडू द्या, मग बसा.