बंदुकीचा परवाना की नोंदणी? आणि त्यातली ‘सक्ती’

प्रश्न असा आला की अमेरिकेतल्या गन रजिस्ट्रेशनच्या वादावर मराठीत लिहायचंय, तर ‘शस्त्रपरवाना सक्ती’ म्हटलं तर चालेल का, आपल्याकडे सगळे परवानाच म्हणतात. माझ्या मते नाही चालणार, अर्थच बदलतो.

तुमची स्कूटर घ्या. लायसन्स तुमचं असतं, आरसी गाडीची. तसंच इथे, परवाना म्हणजे माणसाला दिलेली मुभा आणि नोंदणी म्हणजे ही अमुक बंदूक अमक्याकडे आहे ही सरकारदरबारची नोंद. परवाना फारसीतून आलाय, जुना अर्थ हुकूम, आज्ञापत्र, म्हणजे वरून खाली येणारा कागद. नोंद आपल्याकडून वर जाते.

मग आपल्याकडे गल्लत का होते, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली दोन्ही एकाच कागदावर येतं. माझे मामा फोर्टमध्ये एका बँकेच्या दारावर बारा बोअरची दुनळी घेऊन उभे असायचे. त्यांचं लायसनचं पुस्तक लहानपणी हातात घेऊन बघितलंय, पुढे मामांचा फोटो, आत शाईने लिहिलेला बंदुकीचा नंबर, तोच नंबर बंदुकीच्या लोखंडावर ठोकलेला, आणि मामा दोन्ही शेजारी धरून मला एकेक आकडा जुळवायला लावायचे. माणूस आणि बंदूक एकाच पुस्तकात, त्यामुळे घरात सगळ्यालाच ‘मामाचं लायसन’ म्हणायचे.

पण सगळीकडे असं नाही. कॅनडाने १९९५च्या कायद्याने साध्या रायफली-शॉटगनचीही नोंदणी आणली आणि २०१२मध्ये ती रद्द केली, मालकाचं लायसन्स मात्र कायम ठेवलं. आता हेच ‘परवाना रद्द’ असं छापलं तर वाचणाऱ्याला उलटंच कळेल ना! अमेरिकेत तर १९८६च्या कायद्याने केंद्र सरकारला सगळ्या बंदुकांची देशभराची नोंदवही करायलाच मनाई आहे, हवाईसारखं राज्य स्वतःपुरती नोंदणी करतं. म्हणजे तिथलं भांडण त्या वहीवरून आहे, म्हणून शब्द ‘नोंदणी’च हवा.

आता ‘सक्ती’. हा शब्द जपून वापरा. हेल्मेटसक्ती, किंवा २०२५मध्ये मुंबईत गाजलेली हिंदीसक्ती, हे ज्यांना ते नको होतं त्यांच्या तोंडचे शब्द. नोंदणीसक्ती लिहिलंत की तुम्ही न बोलता एका बाजूला जाऊन बसलात. लेख विरोधातला असेल तर खुशाल लिहा, पण बातमीत ‘बंधनकारक नोंदणी’ म्हणा.

आणखी एक जोडी सांभाळा, जमा आणि जप्त. नोंदणीला विरोध करणाऱ्यांची खरी भीती हीच की आज यादी झाली की उद्या त्याच यादीवरून दारात येऊन बंदुका उचलतील, ही झाली जप्ती. आमच्या गावी, सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका आहेत, निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा करायच्या, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायच्या. तेव्हाही लोक कुरकुरतात, रानडुकरं काय आचारसंहिता पाळतात का म्हणून, आणि त्यांचं चूक नाही, पण त्याला जप्ती कोणी म्हणत नाही कारण पावती खिशात असते.