‘बदलता येतं म्हणतात, मग आमचा काहून नाही बदलणार?’

“मॅडम, अमेरिकेत दोनशे लोकं बदलले म्हणते. डॉक्टरनंच लिहिलं आहे. मग आमचा पोरगा काहून नाही बदलणार?”

2023 च्या मे महिन्यात माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका आईनं मला हा प्रश्न विचारला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाची सुनावणी चालू होती. 18 एप्रिलला ती सुरू झाली आणि 11 मेपर्यंत चालली. टीव्हीवर रोज वाद, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवा फॉरवर्ड. त्यातला एक मुद्दा पुन्हा पुन्हा यायचा : समलैंगिक कल बदलता येतो, बदललेले लोक जगात आहेत, मग यांच्यासाठी लग्नाचा कायदा कशाला? दिल्लीत अशा मुद्द्याला वकील उत्तर देतात. नागपूरच्या घरात तोच मुद्दा पोराच्या अंगावर येतो. बदलता येतं ना, मग बदल. नाही बदललास, म्हणजे तू मनावरच घेतलं नाहीस.

त्यानंतरही कितीतरी पालकांनी मला हेच विचारलं, म्हणून त्या घराची गोष्ट त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आई गृहिणी, मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं. मुलगा सत्तावीस वर्षांचा, चांगल्या नोकरीत. स्थळं यायला लागली आणि त्यानं एका रात्री आईला सांगून टाकलं की त्याला मुलीच आवडत नाहीत, पहिल्यापासून नाहीत. आईनं वडिलांना सांगितलं आणि तिथून धावपळ सुरू झाली.

पहिल्या भेटीला वडिलांनी एक प्लास्टिकची फाईल माझ्या टेबलावर ठेवली, बँकेत कागद द्यावेत तशी, तारखेप्रमाणे लावलेली. पहिल्या पानावर रक्ततपासणीचा रिपोर्ट होता. टेस्टोस्टेरॉन अगदी नॉर्मल. आणि दुसऱ्याच पानावर टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची चिठ्ठी! जे कमी नाही ते भरून काढण्याचे पैसे या घरानं मोजले होते. या हार्मोननं इच्छेची तीव्रता वाढू शकते. इच्छा कोणाबद्दल वाटावी, हे त्यानं ठरत नाही. उलट बाहेरून विनाकारण घेतलं तर शरीरातली शुक्राणूंची निर्मिती मंदावते, रक्त दाट होऊ शकतं. नातवंडांच्या आशेनं आईवडील मुलाला काय टोचून घेत होते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

फाईलच्या शेवटच्या चिठ्ठीवर त्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : ‘पेशंटच्या सांगण्यानुसार सुधारणा.’

वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे पाहा. फरक पडून राहिला होता. यानंच मधात सोडलं.”

मुलगा मान खाली घालून बसला होता. आईवडिलांना मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा तो बोलला. “मॅडम, मी म्हटलं नसतं तर इंजेक्शनं थांबलीच नसती. घरी पण दोन महिने शांतता होती त्यामुळे. आई हसून राहिली होती.”

त्याच्या परवानगीनं हे मी आईवडिलांना सांगितलं. मला तर वाटतं, ‘बदलल्या’च्या बहुतेक गोष्टी अशाच तयार होतात. माणसावर सगळ्या बाजूंनी दबाव असतो, सुटायला एकच वाट असते, ती म्हणजे ‘हो, फरक आहे’ म्हणणं. तो ते म्हणतो. ते कागदावर लिहिलं जातं आणि पुढच्या घरी पुरावा म्हणून दाखवलं जातं.

आता त्या दोनशे लोकांबद्दल. आईच्या मोबाईलवरचा फॉरवर्ड अगदीच खोटा नव्हता, अर्धा होता. रॉबर्ट स्पिट्झर नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ. 1973 मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशननं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यात याच माणसाचा मोठा वाटा होता. म्हणून 2003 मध्ये त्यांनीच ‘काही जण बदलू शकतात’ असा अभ्यास छापला तेव्हा गहजब झाला. 200 जणांना फोन करून त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या. ते लोक आले कुठून? बरेचसे ‘आम्ही बदलवतो’ म्हणणाऱ्या धार्मिक गटांकडून आणि तशा थेरपिस्टकडून. त्यातले पुष्कळ जण आधीपासून जाहीरपणे या उपचारांचा प्रचार करणारे. तुलनेला दुसरा गट नाही, पुढे पाठपुरावा नाही. तो माणूस फोनवर जे सांगेल तेच मोजमाप.

फॉरवर्डमध्ये नसलेला अर्धा भाग असा की 2012 मध्ये स्पिट्झर यांनी स्वतःच जाहीर केलं की ते लोक खरं सांगत होते की स्वतःची समजूत घालत होते हे तपासायचा काही मार्गच या अभ्यासात नव्हता. त्यांनी समलैंगिक व्यक्तींची लेखी माफी मागितली. एक्झोडस इंटरनॅशनल ही अमेरिकेतली अशा ‘बदला’ची सगळ्यात मोठी ख्रिस्ती संघटना. तिचे प्रमुख अॅलन चेंबर्स यांनीही त्याच वर्षी कबूल केलं की त्यांना भेटलेल्या 99.9 टक्के लोकांचा कल बदलला नव्हता. 2013 मध्ये त्यांनी माफी मागितली आणि संघटना बंद केली. आणि लग्नाच्या वादात हा मुद्दा न्यायालयात तपासला गेलाच नाही असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या समलिंगी विवाहबंदीच्या खटल्यात साक्षीपुरावे झाले, तज्ज्ञांची उलटतपासणी झाली आणि 2010 मध्ये न्यायाधीश वॉन वॉकर यांनी निकालात नोंदवलं की ठरवून, उपचारानं किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कल बदलता येतो याला विश्वासार्ह पुरावा नाही.

हे ऐकून वडील काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे कोणीच बदलत नाही, असं तुम्ही लिहून द्याल?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याला सोपं ‘नाही’ म्हणणं प्रामाणिकपणाचं झालं नसतं. काही माणसांचं आकर्षण आयुष्यात आपोआप सरकतं, स्त्रियांमध्ये हे जास्त दिसलं आहे. लिसा डायमंड या संशोधिकेनं काही स्त्रियांचा दहा वर्षं पाठपुरावा करून ते मांडलं. मात्र त्यांच्या कामाचा दाखला देऊन उपचार विकणारे पुढे आले, तेव्हा डायमंड यांनीच जाहीर हरकत घेतली. आपोआप काही होणं आणि आपण म्हणू ते घडवून आणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वागणं बदलता येतं, लग्न करता येतं, स्वतःला काय म्हणवून घ्यायचं तेही बदलता येतं. ‘मी बदललो’ म्हणणाऱ्यानं यातलं नेमकं काय बदललं, हे विचारल्याशिवाय त्याचं म्हणणं पुढे ढकलू नये, असं मी त्यांना म्हटलं.

आणि समजा, उद्या कोणी खरंच बदलायची गोळी काढली, तरी पुढचा तर्क मला मान्य नाही. बदलता येतं म्हणून बदललंच पाहिजे, हे कोणी ठरवलं? वडिलांना मी विचारलं, धर्म बदलता येतो की नाही? नागपूरच्या माणसाला याचं उत्तर शिकवावं लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी स्वतःच्या मनानं बौद्ध धम्म स्वीकारला. ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं, म्हणून त्याला मोल आहे. धर्म बदलता येतो म्हणून कायदा कोणाला ‘आधी बदल, मग लग्न कर’ म्हणत नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा दोन धर्मांच्या माणसांना आपापला धर्म ठेवून लग्न करू देतो. दिल्लीतले याचिकाकर्ते प्रामुख्यानं याच कायद्यात आपल्याला जागा मागत होते.

वडील यावर काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी आले.

मुलाबरोबरच्या भेटी वेगळ्या चालल्या. बदलायचं त्यालाही होतं; हे लपवून ही गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल. मी त्याला नाही म्हटलं नाही. कागद दिला आणि लिहायला सांगितलं, बदललास तर काय काय ठीक होईल? त्यानं लिहिलं : आईचं बीपी. बाबा माझ्याशी बोलतील. ताईच्या सासरी कोणी विचारणार नाही. ऑफिसमध्ये लग्नाचा विषय निघाला की वॉशरूमला जावं लागणार नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना उत्तर देता येईल. पान भरलं. मी विचारलं, यात तुझ्या आवडण्याबद्दल काय आहे? तो बराच वेळ कागद पाहत राहिला. त्यात तसं काहीच नव्हतं. जे दुखत होतं ते सगळं भोवतालच्या माणसांच्या वागण्याचं होतं. त्यावर काम करता येतं, आणि पुढचे सगळे महिने आम्ही तेच केलं. झोप, भीती, ‘मी घराला बुडवलं’ हा रात्री येणारा विचार, आणि ताईला कधी, कसं सांगायचं.

मध्येच एक स्थळ आलं, यवतमाळकडचं. मुलगी शिकलेली, घर चांगलं. आई म्हणाली, “मॅडम, एकदा लग्न झालं की होते सगळं बरोबर. बायको आली की पोट्टे सुधरतात.”

तेव्हा मी या काकूंना, म्हणजे मुलाच्या आईला, दुसऱ्या एका बाईंबद्दल सांगितलं. त्यांनी स्वतःच म्हटलं होतं की माझं नाव न घेता कोणालाही सांगा. त्या माझ्याकडे आल्या त्या आपल्या ‘दोषा’वर इलाज करायला. नवरा जवळ येत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी. त्यांनी वजन उतरवलं होतं, दातांना तारा लावून घेतल्या होत्या, सोमवारचे उपास धरले होते. सासूबाई पाळी चुकली का म्हणून दर महिन्याला विचारायच्या. नवरा वाईट नव्हता, घाबरलेला होता, आणि घरच्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या मुलीला.

काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “माह्या पोरीच्या बाबतीत कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बसली असती.”

यवतमाळच्या घरी नकार वडिलांनी कळवला. कारण सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या 17 तारखेला निकाल लागला. त्या संध्याकाळी वडिलांचा फोन. “कोर्टानंही नाहीच म्हटलं ना?” मी म्हटलं, काका, कोर्टानं काय नाही म्हटलं ते पाहा. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं, कायदा करायचा तर तो संसदेनं. हा कल आजार आहे किंवा बदलता येतो, असं कोर्टानं कुठंही म्हटलेलं नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा 6 सप्टेंबर 2018 चा कलम 377 वरचा निकाल जागच्या जागी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच आजारांच्या वर्गीकरणातून हे काढलं. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं 2018 मध्ये हा आजार नाही असं सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये अशा ‘उपचारां’वर बंदीचा आदेश दिला, आणि त्या खटल्यातूनच 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे कल बदलण्याचे हे ‘उपचार’, हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे तुमच्या फाईलमधल्या त्या चिठ्ठ्यांवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते.

तक्रार त्यांनी केली नाही. तो त्यांचा निर्णय. पण कोणी पालक अजून अशा दवाखान्याच्या पायऱ्या चढत असतील तर माझं कळकळीचं सांगणं आहे : निदान काय आणि औषध कशासाठी, हे लेखी मागा. आजारच नाही, तर निदानाच्या जागी लिहिणार काय? बाबा-महाराजांकडे तर लेखी मागायचीही सोय नाही. तिथे उपास, मारझोड, कोंडून ठेवणं असले प्रकार होतात, आणि तिथून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा पहिले कितीतरी दिवस फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ बोलतात.

या घरात सगळं गोड झालं असं नाही. वडील अजून नातेवाइकांत हा विषय काढत नाहीत. ताईनं मात्र ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भावाला जेवायला बोलावलं. आई मधूनमधून येते. आता तिचा प्रश्न वेगळा आहे, “आम्ही गेल्यावर त्याचं कोण?” समलिंगी विवाहाच्या वादाच्या मुळाशीही हीच काळजी आहे : आजारपणात सही कोण करणार, घर कोणाच्या नावावर, बँकेतले पैसे कोणाला. पुनर्विचार याचिका 2025 च्या जानेवारीत फेटाळल्या गेल्या, म्हणजे लग्नाचा रस्ता सध्या बंद आहे. पण ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढायला आणि त्याला नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. मृत्युपत्र तर कोणाच्याही नावे करता येतं. गंभीर आजारात आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हेही आधी लिहून ठेवता येतं. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये तर आपला प्रतिनिधी आपणच नेमायची तरतूद आहे. मागच्या भेटीत काकू हे सगळं वहीत उतरवून घेऊन गेल्या, आणि वकिलाकडे मुलाबरोबर कोणी जायचं, यावर आता त्यांचं आणि काकांचं बोलणं चालू आहे.