हे देव म्हणाला की मी म्हणाले?

“स्वतःला प्रश्न विचारायला गेले की श्रद्धाच डळमळेल अशी भीती वाटते. नाही विचारले तर मन आतून खात राहतं. मी करू तरी काय?”

श्रद्धाळू माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या शब्दांत येतोच. त्याचं थेट उत्तर आधीच देऊन टाकतो. देव आहे की नाही, प्रार्थनेला अर्थ आहे की नाही, हा समुपदेशनाच्या खोलीतला विषयच नाही. तपासायचं असतं ते आपण घटनेवरून काढलेलं अनुमान, आणि हे अनुमान बऱ्याचदा श्रद्धेचं नाव लावून बसलेलं असतं. दोघांना वेगळं काढता आलं की श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट तिचा आधार असेल तर स्वतःबद्दलचं अप्रिय सत्य ऐकणं सोपं जातं. हे कसं घडतं ते पुढच्या केसमधून दिसेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पन्नाशीकडे झुकलेल्या या बाईंचा मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहतो. झोप मोडते, पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, ही त्यांची तक्रार होती. कारण त्यांनीच सांगितलं: “मुलगा मला टाळतो. आई म्हणून मी कमी पडले, आणि देव मला तेच दाखवून देतोय.” सकाळची प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नव्हती, पण अलीकडे प्रार्थनेवरून उठल्यावर त्यांना जास्तच थकल्यासारखं वाटे.

आता या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ‘टाळतो’ हे घटनेचं वर्णन वाटतं, पण तो घटनेचा लावलेला अर्थ आहे. ‘कमी पडले’ हा स्वतःवर दिलेला निकाल आहे. आणि ‘देव दाखवून देतोय’ ही त्या निकालावर मारलेली मोहर. मोहर एकदा बसली की निकालाला हात लावायचीच भीती वाटते, कारण तो आता आपला राहिलेला नसतो, देवाचा झालेला असतो. अडकतात ती माणसं नेमकी इथेच.

पहिलं काम घटना सुटी करण्याचं. वही आडवी धरून चार रकाने आखायचे: काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, ते 100 पैकी किती खरं वाटतं, आणि कोणती भावना किती तीव्रतेने आली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी 1960 च्या दशकात नैराश्यातल्या रुग्णांच्या आपोआप उमटणाऱ्या विचारांवर काम सुरू केलं, त्यातून ही नोंदीची पद्धत रुळली. पहिल्या रकान्यासाठी कसोटी सोपी आहे: कॅमेऱ्यात जे दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच तिथे लिहायचं. बाईंनी आधी लिहिलं, ‘तीन आठवडे तो टाळतोय.’ फोनमधली नोंद उघडून पाहिल्यावर तिथे आलं: तीन आठवड्यांत त्याचे चार फोन, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा, दोन मेसेजना दुसऱ्या दिवशी उत्तर. या नोंदीवरून तो टाळत नाही असं सिद्ध होत नाही. पण ‘टाळतो’ हा शब्द आता दुसऱ्या रकान्यात गेला, आणि दुसऱ्या रकान्यातलं काहीही तपासता येतं.

पुढची पायरी म्हणजे वाक्याच्या खाली उतरत जाणं. प्रत्येक वाक्यापाशी एकच विचारायचं: “हे खरं धरलं, तर त्याचा तुमच्यासाठी अर्थ काय?” बाईंची उतरंड अशी झाली. तो टाळतो, म्हणजे त्याला माझी गरज नाही. गरज नाही, म्हणजे मी त्याला कधी जवळ करू शकले नाही. म्हणजे मी चांगली आई नाही. आणि मग आवाज बारीक झाला: “देवाने एकच काम माझ्याकडे सोपवलं होतं, तेही मला जमलं नाही.” इथे थांबायचं. वाक्य एका प्रसंगापुरतं न राहता सगळ्या आयुष्याबद्दल बोलू लागलं आणि डोळे भरून आले, की तळ लागला असं समजावं. त्या वाक्याला बाईंनी 100 पैकी 90 गुण दिले. ही उतरंड रात्री झोपण्याआधी एकट्याने करू नये. तळाशी पोहोचल्यावर वर काढणारं कुणी जवळ नसतं.

मग प्रार्थनेकडे वळलो. प्रार्थनेत नेमकं काय म्हणता, हे विचारायला पुष्कळ समुपदेशक कचरतात. खासगी गोष्ट आहे असं त्यांना वाटतं. परवानगी घेऊन, आदराने विचारलं तर बहुतेक जण सांगतात, आणि गाठ बऱ्याचदा तिथेच सापडते. बाईंचं पहिलं वाक्य असे, “देवा, माझं काय चुकलं ते सांग.” त्यानंतर देवाला बोलायला वेळच मिळत नसे. मुलाला लहानपणी मारलेली चापट, परीक्षेच्या वर्षी बोललेले शब्द, त्याच्या मनाविरुद्ध बदललेली शाळा, अशी यादी त्या स्वतःच वाचून काढत, रोज तीच, रोज त्याच क्रमाने. बसण्याची जागा प्रार्थनेची, शब्दही प्रार्थनेचे, पण मनात चालू होतं ते रवंथ. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनाने हे नीट दाखवलं आहे की खिन्न मनाने ‘हे माझ्याच बाबतीत का’ हे घोळवत राहिलं तर खिन्नता लांबते आणि मार्ग शोधण्याची ताकद कमी होते. आत्मपरीक्षणातून काहीतरी नवं हाती लागतं, रवंथात कालचंच परत येतं. फरक ओळखायचा तर उठताना स्वतःला विचारावं: काल माहीत नव्हतं असं आज काही कळलं का, किंवा आज करण्याजोगं एखादं काम सापडलं का? दोन्हींचं उत्तर सलग काही दिवस ‘नाही’ येत असेल तर पद्धत बदलायची वेळ झाली.

बाईंना प्रार्थना कमी करायला सांगितलं नाही. क्रम बदलला. आधी दहा मिनिटं वही, घड्याळ लावून. लिहिताना ‘मी’ न म्हणता ‘ती’ म्हणायचं: ‘तिला वाटतं की मुलगा दूर गेला.’ स्वतःबद्दल असं तिऱ्हाईतासारखं बोललं की भावनेचा जोर ओसरतो. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग याच्यावर आहेत. वही मिटली की प्रार्थना, आणि तिच्यात प्रश्न बदललेला: ‘माझं काय चुकलं’च्या जागी ‘आज या नात्यात माझ्या हातात काय आहे?’ शेवट त्यांच्या नेहमीच्या, पाठ असलेल्या प्रार्थनेने, म्हणजे मनाला यादीकडे परत वळायला वाव राहत नाही.

अशी रोजची उजळणी धर्मपरंपरांना नवी नाही. जैनांचं प्रतिक्रमण, मुसलमानांचा मुहासबा, ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी 16 व्या शतकात घालून दिलेली पाच टप्प्यांची दैनंदिन उजळणी. यातल्या लोयोलांच्या क्रमाकडे मुद्दाम लक्ष वेधावंसं वाटतं: सुरुवात कृतज्ञतेने होते, मग प्रकाश मागायचा, मग दिवस डोळ्यांसमोरून न्यायचा, चुका त्यानंतर येतात आणि शेवट उद्याकडे पाहून होतो. चुकांपासून सुरुवात करून चुकांवरच संपवायची असा तो क्रम नाही. बाईंनी स्वतः बनवलेली प्रार्थना मात्र नेमकी तशी झाली होती.

तिसऱ्या भेटीत त्यांची दोन वाक्यं वहीत शेजारी शेजारी लिहिली. दोन्ही त्यांचीच. एक: ‘मोठ्यात मोठा अपराधीसुद्धा मनापासून शरण आला तर देव त्याला जवळ करतो.’ दुसरं: ‘मी मुलाला रागावले म्हणून देव मला वीस वर्षांनी शिक्षा देतोय.’ विचारलं एवढंच, की यातलं तुम्हाला श्रद्धेने शिकवलेलं कोणतं आणि तुम्ही त्यात घातलेलं कोणतं? त्या बराच वेळ पानाकडे पाहत राहिल्या. मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा कायदा माझा आहे.”

इथे समुपदेशकाने धर्मचर्चेत पडू नये. ‘देव शिक्षा देत नाही हो’ असं आम्ही म्हणालो असतो तर ते आमचं मत झालं असतं आणि बाईंनी ते नम्रपणे ऐकून बाजूला ठेवलं असतं. त्यांच्याच श्रद्धेतली दोन वाक्यं समोरासमोर आणली तेव्हा उत्तर त्यांच्या आतून आलं. संकटाकडे ‘देवाची शिक्षा’ म्हणून पाहणाऱ्यांचा मानसिक ताण जास्त असतो, हे धर्माचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या केनेथ पार्गमेंट यांच्या अभ्यासातून पुढे आलं आहे. 1988 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी श्रद्धाळू माणसाच्या अडचण सोडवण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या: सगळं आपणच करायचं, सगळं देवावर सोपवायचं, आणि देवाच्या सोबतीने आपला वाटा उचलायचा. प्रश्न आपल्या हातातला असतो तेव्हा तिसरी तऱ्हा सहसा जास्त उपयोगी पडते.

वाटा उचलायचा म्हणजे अनुमान घराबाहेर नेऊन तपासायचं. बाईंची पहिली कल्पना होती मुलाला विचारायची, ‘तू मला टाळतोस का रे?’ हा प्रश्न विचारू नये. त्यात आरोप आहे, आणि समोरचा ‘नाही गं’ म्हणून सुटतो. आम्ही ठरवलेला प्रश्न असा होता: ‘तुला निवांत बोलायला कोणता दिवस, कोणती वेळ बरी पडते?’ पाठवण्याआधी बाईंनी भाकीत लिहून ठेवलं: ‘तो चिडेल किंवा उडवून लावेल, शक्यता 80.’ भाकीत आधी लिहिणं अत्यावश्यक आहे. नाहीतर जे घडेल ते ‘मला माहीतच होतं’ या खात्यात जमा होतं.

मुलाने रविवार दुपार सांगितली. त्या रविवारी तो आणखी एक गोष्ट बोलला: “आई, फोन उचलला की तू पहिलं विचारतेस, काय झालंय, आवाज असा का. मग मला फोन आवरता घ्यावासा वाटतो.”

म्हणजे बाईंचं अनुमान निम्मं खरं निघालं. तो टाळत होता, पण आईला नव्हे, त्या उलटतपासणीला. समजुती तपासायच्या म्हणजे ‘सगळं मनाचे खेळ होते’ असं सिद्ध करायचं, असा गैरसमज फार पसरला आहे. कधी कधी तपासणीतून आपली खरीखुरी चूक समोर येते. ती घेता यावी यासाठीच तर आधीची सगळी तयारी. ‘मी आई म्हणून नापास’ या निकालावर करण्यासारखं काहीच नसतं. ‘फोनचं माझं पहिलं वाक्य त्याला जाचतं’ यावर पुढच्या रविवारी काही करता येतं. बाईंनी मुलाची माफी मागितली, तेवढ्याच गोष्टीची. आणि आम्हाला म्हणाल्या, “देव मला टाकणार नाही एवढं पक्कं होतं म्हणून ऐकून घेता आलं. नाहीतर मी रडून फोन ठेवला असता.” श्रद्धेचा खरा उपयोग इथे झाला. तळातल्या त्या वाक्याला त्या आता 40 गुण देतात. पहाटेची जाग पूर्ण गेलेली नाही, कमी झाली आहे.

हीच पद्धत घरी करताना चार-दोन गोष्टी हमखास बिघडतात. दुसऱ्या रकान्यात लोक प्रश्न लिहितात: ‘तो असं का वागतो?’ प्रश्नाला 100 पैकी गुण देता येत नाहीत, म्हणून त्यामागचं विधान शोधून तेच लिहावं. पुरावे मांडताना फक्त स्वतःविरुद्धचे भराभर सुचतात. स्वतःच्या बाजूचा पहिला पुरावा लिहिल्याशिवाय विरुद्धचा दुसरा लिहायचा नाही, असा नियम घालून घ्यावा. शेवटी नवं वाक्य लिहिताना ‘मी उत्तम आई आहे’ असं काहीतरी गोड लिहिलं जातं आणि मनाला ते पटत नाही. नव्या वाक्याला स्वतःच 50 पेक्षा कमी गुण दिले गेले तर ती नुसती समजूत घातलेली असते, वाक्य पुन्हा लिहावं. बाईंचं टिकलेलं वाक्य साधं होतं: ‘काही ठिकाणी मी चुकले, काही ठिकाणी जपलं, आणि नातं अजून चालू आहे.’

आणि एक पळवाट: ‘मी सगळं देवावर सोडलंय.’ खरोखर सोडलेल्या माणसाचे खांदे सैल पडतात, त्याला झोप लागते. हे वाक्य म्हणताना जबडा आवळलेला असेल आणि फोन करायचं रोज पुढे ढकललं जात असेल, तर तिथे अध्यात्माच्या आडून दुखणं चुकवणं चालू आहे. मानसोपचारक जॉन वेलवुड यांनी 1980 च्या दशकात या प्रवृत्तीकडे लक्ष वेधलं होतं.

काही जणांनी मात्र वहीच्या वाटेला जाऊ नये. प्रार्थना ‘बरोबर’ झाली नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणावी लागते, मनात आलेल्या एखाद्या विचाराचं प्रायश्चित्त घेतल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच गोष्टीची कबुली दहा जणांना देऊनही शंका उरते, असं असेल तर तो ओसीडीचा, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृती यांच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि अशा माणसाचं आत्मपरीक्षण आजाराला खतपाणी घालतं. दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन. आणि घरात खरोखरच मारहाण किंवा छळ होत असेल तर ‘माझीच समजूत चुकीची असेल’ या प्रश्नात वेळ घालवू नये. तिथे आधी सुरक्षितता.

धर्मगुरूंकडे किंवा आपल्या श्रद्धेतल्या जाणत्या माणसाकडे जावं का, असं पुष्कळ जण विचारतात. जरूर जावं, पण वहीतली ती दोन वाक्यं घेऊन. ‘माझं असं का होतं’ असं विचारलं तर धीराचे शब्द मिळतील. ‘आपल्या परंपरेत यातलं कोणतं आहे’ असं विचारलं तर उत्तर मिळेल.