ट्रेलरवरची बोट उचलताना पुढच्या-मागच्या पट्ट्यावर किती भार येतो, ते कसं काढायचं?

तुमचा प्रश्न असा की १८ फुटी फायबरची बोट आहे, मागं ४० एचपीचं इंजिन लटकलंय, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला काठावर ट्रेलर उभा आहे आणि ट्रेलरच्या दुरुस्तीसाठी बोट उचलून बाजूला ठेवायची आहे, तर दोन पट्टे लावल्यावर प्रत्येकावर निम्मं वजन धरायचं का. नाही भाऊ, निम्मं अजिबात धरू नका. मी भुसावळकडं फॅब्रिकेशन आणि मशीन उचलून बसवायची कामं करतो, त्यामुळं हा हिशोब रोजचा आहे, बोट असो की ट्रान्सफॉर्मर, आधी वजनाचं सेंटर (जिथं सगळं वजन तोललं जातं ती जागा) शोधायचं आणि मगच पट्टा हातात घ्यायचा.

इंजिन जिथं अडकवतात ती मागची सपाट फळी शून्य धरा आणि सगळी मापं तिथून पुढं घ्या. उदाहरणासाठी आकडे घेतो, तुमचे वेगळे असतील. नुसती बोट ४२० किलो आणि तिचं सेंटर २.३ मीटरवर, इंजिन ७५ किलो शून्यावर, पेट्रोल २५ लिटर आणि कॅन मिळून २० किलो ०.६ मीटरवर (पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं), बॅटरी २० किलो ०.५ वर, आणि नांगर-साखळी-दोर २५ किलो पार पुढं ५ मीटरवर. एकूण झालं ५६० किलो. आता प्रत्येक वजनाला त्याच्या अंतरानं गुणा, बेरीज येते १११३, तिला ५६० नं भागा, म्हणजे सेंटर मागच्या फळीपासून जवळजवळ २ मीटरवर आलं. बोट साडेपाच मीटरची, तिचा नुसत्या टेपनं काढलेला मध्य २.७५ वर, म्हणजे खरं सेंटर त्याच्या पाऊण मीटर मागं आहे, आणि टेपच्या मध्यावर भरवसा ठेवून पट्टे लावले की मागची बाजू खाली बसणार.

समजा मागचा पट्टा ०.९ मीटरवर आणि पुढचा ३.९ वर लावला, मधलं अंतर ३ मीटर. पुढच्यावर येतात ५६० गुणिले १.०९ भागिले ३, म्हणजे साधारण २०३ किलो, आणि मागच्यावर उरलेले ३५७. आता इथं नीट बघा, कारण बहुतेक लोक इथंच चुकतात. इंजिन काढून ठेवलं तर मागचा भार किती कमी होईल? ७५ वाटतं ना, पण होतो ९७ नं कमी, आणि पुढच्या पट्ट्यावरचा भार उलट २२ किलोनं वाढतो! कारण इंजिन मागच्या पट्ट्याच्याही बाहेर लटकलेलं असतं, ते मागं दाबताना पुढचं टोक वर उचलत असतं, अगदी मागं जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते तसं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इंजिन आणि पेट्रोल आधी उतरवा, दोन माणसांचं काम आहे, वजन ५६० वरून ४६५ च्या आसपास येतं आणि सेंटर ३०-४० सेंटीमीटर पुढं सरकतं. मात्र मग पट्ट्यांची जागाही परत मोजायची, आधीच्या खुणेवर लावायचे नाहीत.

आता बोटीचं खरं वजन आणि सेंटर कुठून आणायचं? कंपनीच्या कागदावरचं वजन बऱ्याचदा कोऱ्या बोटीचं असतं, त्यानंतर कोणी बाक बसवलेला असतो, कोणी तळाला फायबरचे जादा थर दिलेले असतात. केळीच्या गाड्यांमुळं सावदा-रावेर भागात वजनकाटे रस्त्यावरच आहेत, पण मोठा काटा ५-१० किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो आणि त्यात ट्रेलरचं वजन पण येतं, त्यामुळं त्याच्यावरून एकूण वजनाचा अंदाज तेवढा घ्या. त्यापेक्षा कापूस मोजायचा लटकवायचा काटा ५०० किलोचा मिळाला तर काम चोख होतं. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडलेलाच ठेवा, चाकांना दोन्हीकडून दगड लावा, ट्रेलरचे दोर ढिले करा पण सोडू नका. मागच्या पट्ट्याच्या जागी बोटीखाली आडवं लाकूड पाचर मारून घट्ट बसवा, पुढच्या पट्ट्याच्या जागी घोडीला (उंच पायांच्या स्टँडला) चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, त्याला काटा, आणि पुढची बाजू फक्त बोटभर उचला, आकडा लिहून घ्या. मग उलटं करा, लाकूड पुढच्या जागी आणि उचलायचं मागून. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे बोटीचं वजन, आणि पुढचा आकडा भागिले बेरीज गुणिले पट्ट्यांमधलं अंतर केलं की मागच्या पट्ट्यापासून सेंटर किती पुढं ते मिळालं. लाकूड आणि पट्टा त्याच दोन जागांवर पाहिजेत, जागा बदलल्या की बेरीज जुळत नाही.

आणि मोजायच्या आधी बोटीतलं पाणी बघा. पावसाळ्यात बोट उघडी उभी असेल आणि पाणी काढायच्या भोकाला बूच लावलेलं असेल तर ७ चौरस मीटरच्या बोटीत ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३५० लिटर, म्हणजे ३५० किलो! आणि ते पाणी उचलताना खालच्या बाजूला पळतं, सेंटर हातातून निसटतं. बूच काढा, ट्रेलरचं तोंड थोडं उंच करा, सगळं निथळू द्या. फळीखालचा फोम पाणी पिऊन बसला असेल तर ते निघत नाही, तेवढं वजन काट्यावर दिसेलच, म्हणून कागदापेक्षा काटा बरा.

आता हुक. एकाच हुकाला चारही टोकं लावणार असाल तर हुक सेंटरच्या बरोब्बर वर पाहिजे, नसेल तर बोट तिरकी होऊन सेंटर स्वतःच हुकाखाली नेते, ते कोणी थांबवू शकत नाही. म्हणून पट्टे सेंटरच्या दोन्हीकडं सारख्या अंतरावर लावा. इंजिनासकटच्या उदाहरणात ०.७ आणि ३.३ मीटर, म्हणजे दोन्हीवर २८०-२८०. फक्त तिथं आतून आडवी फळी किंवा बरगडी आहे का ते हात फिरवून बघा, पोकळ फायबरवर पट्टा नको. पुढची बाजू निमुळती असते, पट्टा टोकाकडं सरकतो, त्यामुळं दोन्ही पट्टे आपसात दोरानं बांधायचेच.

पट्ट्याचा तिरकसपणा हा वेगळाच विषय आहे. एका पट्ट्यावर २८० म्हणजे एका बाजूला सरळ १४०, पण पट्टा जमिनीशी ६० अंशात असेल तर ताण १६२ होतो, ४५ अंशात १९८, आणि ३० अंशात थेट २८०. जांभळा पट्टा १ टनाचा असतो, तो तुटणार नाही, पण बोटीचा काठ तुटेल. ६० अंशात प्रत्येक टोकाचा आडवा ओढ ८१ किलो आहे, ३० अंशात तो २४२ होतो, आणि त्यातला बराचसा भाग काठाला दोन्हीकडून आत दाबतो. एका ठिकाणी आखूड पट्टे लावून उचललेल्या बोटीची काठाची पट्टी लांबीत तडकलेली मी बघितली आहे, तेव्हा पट्टे नवेकोरे होते. तुमच्या मापात ६० अंश पाहिजे तर हुक काठापासून नऊ फूट तरी वर हवा. तेवढी उंची नसेल तर बोटीच्या रुंदीपेक्षा थोडा लांब पाइप आडवा घालून पट्टे त्याच्यावरून सरळ खाली सोडा.

हायड्रा (चाकांची क्रेन) १४ टनाचा म्हणून निर्धास्त राहू नका, बूम लांब केला की ताकद झपाट्यानं उतरते, आणि बॅकवॉटरच्या काठाला गाळ आणि काळी माती, पाणी उतरल्यावर वरून कोरडी दिसते आणि खाली लोणी असते. हायड्रा मुरमावर उभा करा आणि बोट घेऊन चालवू नका. बोट चार बोटं उचला, थांबा, पुढचं-मागचं टोक जमिनीपासून मोजा. एक बाजू खाली गेली तर परत टेकवा आणि पट्टे त्या खाली गेलेल्या बाजूकडं सरकवा. बोट हवेत असताना कोणी खाली जायचं नाही आणि हातानं ढकलायचं नाही, दोन्ही टोकांना दोर बांधून लांबून धरा. इशारा एकाच माणसानं द्यायचा, चार जण हाबेस-आरिया (वर घे-खाली सोड) ओरडायला लागले की ऑपरेटर कोणाचं ऐकणार? बोट सरळ राहिली की ट्रॅक्टरनं ट्रेलर खालून पुढं काढून घ्या आणि बोट जिथल्या तिथं टायरवर उतरवा. मागं टायर जास्त ठेवा, भार तिकडं आहे, आणि बगलेला वाळूची पोती लावा म्हणजे कलणार नाही.

इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक ते कळवा, फोर-स्ट्रोक वीस-पंचवीस किलोनं जड असतं, आणि आतल्या बरगड्या मागच्या फळीपासून किती अंतरावर आहेत ते मोजून टाका, पट्ट्याची जागा काढून देतो.